खिडकीजवळचं टेबल आणि घरचा हिशेब

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका इंजिनीअरिंग कारखान्यात मी ३१ वर्षं हिशेब लिहिले. सुरुवातीला लाल कापडी बांधणीच्या चोपड्यांत, नंतर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये. आता निवृत्त आहे, पण दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर खिडकीजवळ माझं टेबल आहे, आणि आठवड्यातून दोन-तीन जण तरी कागद घेऊन जिना चढतातच. कुणाचं कार्डाचं बिल, कुणाचं कर्जाचं पत्र, कुणाला नवा कॉम्प्युटर घ्यायचाय.

गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनींचा मुलगा आला. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाला, "मावशी, लॅपटॉप ठरवलाय. साठ हजारांचा. पण सहा हप्ते आणि व्याज शून्य, म्हणजे पैसे फुकट वापरायला मिळतायत."

मी त्याला खुर्ची दिली आणि कागद पुढे ओढला. त्या दिवशी आणि पुढच्या दोन रविवारी आम्ही जे केलं, ते इथे लिहिते आहे. ज्याला घरी एक कामाचं टेबल मांडायचंय आणि घरचा पैसा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचाय, त्याला ते उपयोगी पडेल.

आधी घरात आहे तो कॉम्प्युटर उघडा

वहिनींकडे २०१९ साली घेतलेला डेस्कटॉप आहे. मुलाच्या मते तो "संपलाय", कारण सुरू व्हायला चार मिनिटं लागतात. नवा घेण्याआधी एक तपासणी सगळ्यांनी करावी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तिन्ही बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क अशा तीन रकान्यांत टक्के दिसतात. नेहमीचं काम चालू ठेवून दोन मिनिटं नुसतं बघत बसा. आमच्याकडे प्रोसेसर १५ टक्क्यांवर आणि डिस्क सारखी १०० वर. म्हणजे डोकं रिकामं बसलंय आणि कपाटातून कागद काढून देणारा माणूस धापा टाकतोय. अशा वेळी सगळं यंत्र बदलायचं कारण नाही. फिरणारी हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा.

प्रोसेसर आठव्या पिढीचा निघाला, हे नशीब. विंडोज १० ला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढच्याच यंत्रांवर रीतसर चालते. तुमचं यंत्र त्याहून जुनं असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट प्रणाली टाका. पत्र, हिशेब, ब्राउझर एवढं काम त्यावर उत्तम होतं. मात्र टॅली शिकायची असेल तर विंडोजच हवी.

रविवारी सकाळी आम्ही कॅबिनेट माझ्या टेबलावर आणला. वायर भिंतीतून काढली, सुरूचं बटण दहा सेकंद दाबून आत उरलेली वीज जाऊ दिली, आणि आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावला, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरते. आत धुळीचा थर इतका होता की पंख्याची पाती करडी दिसत होती. रंगाच्या कोरड्या ब्रशनं ती झाडली. पंखा झाडताना त्याला बोटानं धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. अडीच इंची एसएसडीला जुन्या हार्ड डिस्कच्याच दोन वायरी लागतात, एक विजेची आणि एक माहितीची, आणि दोन्ही एकाच बाजूनं बसतात. जोर लावावा लागला तर समजायचं की उलटी धरलीय. शेजारच्या खाचेत ८ जीबीची मेमरीची पट्टी बसवली. दोन्ही बाजूंच्या कड्या 'टक' आवाज करून मिटल्या पाहिजेत. आमची पट्टी पहिल्या वेळी अर्धवट बसली आणि पडदा काळाच राहिला. मुलाचा चेहरा उतरला. पट्टी काढून पुन्हा दाबून बसवली, आणि चालू झालं.

सगळा खर्च आठ हजारांच्या आत. आता यंत्र वीस सेकंदांत उभं राहतं.

संध्याकाळी तो तक्रार घेऊन परत वर आला. "मावशी, दुकानदारानं फसवलं. खोक्यावर ५१२ जीबी आहे आणि आत ४७६ च दिसतायत." फसवणूक नाही. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, विंडोज त्याच नावानं १०७ कोटी ३७ लाखांचं माप धरते. नाव एकच, मापं दोन. इंटरनेटचंही तसंच. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट, म्हणून फाईल उतरताना जास्तीत जास्त साडेबाराचा आकडा दिसणार. हे त्याला सविस्तर सांगितलं, कारण पैशाच्या बाबतीत हाच घोटाळा होतो: नाव एक आणि मापं दोन.

हप्त्याचा कागद

आता त्याच्या फुकटच्या लॅपटॉपकडे. सप्टेंबर २०१३ मध्येच रिझर्व्ह बँकेनं बँकांना लिहून कळवलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते. तरी पाटी लागते, कारण मांडणी बदलता येते. ६०,००० चा लॅपटॉप, दरमहा १०,००० चे सहा हप्ते. कार्डाची बँक वर्षाला १५ टक्के दरानं व्याज लावते. दुकान आधी २,५४० रुपयांची सूट दाखवतं, बँक ५७,४६० कर्ज देते, आणि सहा महिन्यांत तेवढेच २,५४० व्याज म्हणून वसूल करते. इथवर बेरीज साठ हजारच. पण कार्डावरच्या त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, ४५७ रुपये. प्रक्रिया शुल्क १९९ धरा आणि त्यावर जीएसटी, म्हणजे २३५. झाले ६९२.

मग मी त्याला सयाजीगंजातल्या त्याच दुकानात पाठवलं, फक्त एवढं विचारायला की सगळे पैसे एकदम दिले तर काय भाव. तो ५८,००० सांगून आला. म्हणजे आज ५८,००० ला मिळणारी वस्तू तो ६०,६९२ ला घेणार होता. हे वर्षाला सोळा टक्क्यांच्या आसपास पडतं. शून्य नाही.

कधी हप्त्यानं घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. पैसे हाताशी नसतील आणि यंत्रावर रोजी चालत असेल तर घ्या. पण तीन प्रश्न कागदावर लिहून दुकानात न्या: रोख भाव किती? प्रक्रिया शुल्क किती? सगळे हप्ते फिटेपर्यंत माझ्या खिशातून एकूण किती जाणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "महिन्याला फक्त एवढे" असं आलं, तर प्रश्न पुन्हा विचारा.

टेबल कसं मांडायचं

टेबल नवं घेऊ नका, घरात शोधा. वहिनींच्या माळ्यावर सागवानी अभ्यासाचं टेबल पडून होतं. बसल्यावर कोपर काटकोनात राहून हात सपाट टेकले पाहिजेत, आणि पाय जमिनीला लागले पाहिजेत. लागत नसतील तर पायाखाली लाकडी पाट ठेवा. पडदा हातभर अंतरावर, आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली. इथे माझ्या वयाच्या लोकांना एक सांगते. चष्मा दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह असेल तर पडदा आणखी खाली घ्या. वाचायचा भाग काचेच्या तळाशी असतो, पडदा उंच असला की आपण हनुवटी वर करून वाचतो. माझी मान दोन वर्षं दुखत होती. पडद्याखालच्या दोन जाड वह्या काढल्या आणि पंधरवड्यात आराम पडला.

खिडकी बाजूला असू द्या, समोरही नको आणि पाठीमागेही नको. लॅपटॉप असेल तर तो उंचावर ठेवून वेगळा कीबोर्ड आणि माउस जोडा, नाहीतर मान आणि मनगट यांपैकी एकाला त्रास होणारच.

यूपीएस घेताना पुन्हा मापांचा घोळ. खोक्यावर ६०० लिहिलेलं असतं ते व्हीए (व्होल्ट-अँपिअर), वॅट नव्हे. अशा यूपीएसवर बहुतेक वेळा ३६० वॅटच चालतात. वीज गेल्यावर काम सेव्ह करून यंत्र नीट बंद करायला दहा-पंधरा मिनिटं मिळतात, आणि तो घ्यायचाही तेवढ्यासाठीच. प्रिंटर त्याला जोडू नका, लेझर तर मुळीच नको.

आणि कॅबिनेट, यूपीएस, वायरींचा बोर्ड, यांतलं काहीही जमिनीवर ठेवू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा समा भागातल्या माझ्या बहिणीच्या घरात गुडघाभर पाणी होतं. ती माणसं वरच्या मजल्यावर सुखरूप होती, पण कॉम्प्युटर खाली टेबलाच्या पायाशी. तीन दिवसांनी त्यातून गाळ निघाला. यंत्राचं दुःख तिला झालं नाही. भाच्याच्या लहानपणीचे फोटो आणि तिच्या शिकवणीच्या अकरा वर्षांच्या नोंदी त्याच डिस्कवर होत्या, दुसरी प्रत कुठेच नव्हती. तिनं ती डिस्क धुऊन, वाळवून, फडक्यात गुंडाळून अजून कपाटात ठेवलीय. म्हणून प्रती तीन ठेवा: एक यंत्रात, एक बाहेरच्या डिस्कवर, एक घराबाहेर. वहिनींच्या मुलाची जुनी हार्ड डिस्क आम्ही एका छोट्या डबीत बसवून बाहेरची डिस्क केली. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिच्यावर प्रत घ्यायची, आणि एरवी ती यंत्रापासून काढून ठेवायची. कायम जोडलेली राहिली तर विजेचा झटका दोघांना एकदमच बसेल.

पडद्यावरची कीर्द

टेबल मांडून झालं की त्यावर पहिलं काम घरच्या कीर्दीचं, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या नोंदीचं. तक्ते करायला लिब्रेऑफिस फुकट मिळतं, तेवढं पुरे. पाच रकाने करा: तारीख, तपशील, जमा (आलेले), नावे (गेलेले), शिल्लक. पहिल्या ओळीत आजची बँकेतली शिल्लक. त्याखाली प्रत्येक ओळीत वरची शिल्लक अधिक जमा वजा नावे, हे सूत्र एकदा लिहून खाली ओढलं की झालं. खर्चाच्या प्रकारांसाठी रंगीत तक्ते पहिल्याच दिवशी करू नका. मी पाहिलंय, जे पहिल्या दिवशी चौदा रकाने करतात ते तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात.

महिनाअखेरी बँकेच्या उताऱ्याशी मेळ घाला. इथे सगळेच अडखळतात, कारण बँकेत पैसे भरले की उताऱ्यावर 'क्रेडिट' येतं, आणि हिशेबाच्या पुस्तकात शिकवतात की रोकड वाढली की 'डेबिट'. दोन्ही बरोबर. उतारा हे बँकेचं चोपडं आहे, तुमचं नव्हे. तुमची ठेव बँकेला तुम्हाला द्यायचीय, म्हणून त्यांच्या बाजूनं ती क्रेडिट. कार्डावर कर्ज काढलंत की त्यांच्याकडे तुम्ही डेबिट. उतारा कुणाच्या बाजूनं लिहिलाय हे लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही.

मेळ बसला नाही तर फरकाचा आकडा बघा. त्याला ९ ने पूर्ण भाग जात असेल, तर कुठेतरी अंक उलटसुलट पडलेत असा पहिला संशय घ्या. ५४० ऐवजी ४५० लिहिले की फरक ९०. भाग जात नसेल आणि आकडा सम असेल, तर त्याच्या अर्धी रक्कम शोधा, ती जमेची नोंद नावे पडली असेल. कारखान्यात माझ्या वरिष्ठांनी पहिल्या आठवड्यात मला हे शिकवलं, आणि तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या दोन्ही बाजूंची बेरीज, जुळवायला रात्री नऊपर्यंत थांबायची वेळ त्यामुळे कितीदा टळली, सांगता येणार नाही.

ज्या समजुतींमुळे पैसे जातात

सगळ्यात महाग पडते ती व्याजदराची. माझे ब्लाउज शिवणाऱ्या बेननी दोन यंत्रांसाठी एक लाखाचं कर्ज घेतलं. तीन वर्षं, "फक्त दहा टक्के". हप्ता ३,६११. त्या शेजारच्या बँकेचं पंधरा टक्क्यांचं पत्र बाजूला सारून या दहावर सही करून आल्या. पण हे दहा सपाट होते. तीन वर्षांचं ३०,००० व्याज पहिल्याच दिवशी पूर्ण लाखावर मोजून ३६ हप्त्यांत वाटलेलं. दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं, व्याज मात्र पूर्ण लाखाचंच द्यायचं. घटत्या शिल्लकेच्या मापानं हा दर जवळपास १८ टक्के होतो. बँकेच्या १५ टक्क्यांचा हप्ता ३,४६७ पडला असता, म्हणजे महिन्याला १४४ रुपये कमी, ३६ महिन्यांत पाच हजारांच्या वर. मी हे पडद्यावर मांडून दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बेन, मी पंधरा आणि दहा यांतलं लहान काय तेवढंच पाहिलं."

हे तपासायला तक्त्यात 'रेट' नावाचं सूत्र आहे. कंसात क्रमानं हप्त्यांची संख्या, उणे चिन्हासह हप्ता, आणि हातात पडलेली रक्कम लिहा. येणाऱ्या आकड्याला १२ ने गुणा. रक्कम 'हातात पडलेली' लिहा, मंजूर झालेली नव्हे; शुल्क आणि विमा कापून ९६,००० च मिळाले असतील तर ९६,०००. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेनं व्यक्तींच्या आणि लहान उद्योगांच्या नव्या मुदत कर्जांसाठी 'की फॅक्ट स्टेटमेंट' सक्तीचं केलंय. त्यात शुल्कासकट खरा वार्षिक दर एपीआर या नावानं छापावा लागतो. सहीआधी तो कागद मागा आणि तेवढाच एक आकडा दोन ठिकाणचा ताडून बघा.

कार्डावरची 'किमान देय रक्कम' भरली की व्याज लागत नाही, ही दुसरी. किमान भरल्यानं फक्त उशिराचा दंड टळतो. उरलेल्या रकमेवर बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर, आणि नव्या खरेदीवर मिळणारी बिनव्याजी मुदतही जाते. त्या महिन्यात घेतलेल्या भाजीवरसुद्धा पहिल्या दिवसापासून व्याज.

आमच्या कारखान्यात एक फोरमन मार्चमध्ये ओव्हरटाइम नाकारायचे. प्राप्तिकराचा टप्पा ओलांडला की सगळ्या पगारावर जास्त दर लागेल, असं त्यांना वाटायचं. तसं नसतं. वरचा दर फक्त टप्प्याच्या वरच्या रकमेवर लागतो. २०२५-२६ च्या उत्पन्नाला नव्या पद्धतीत पहिल्या चार लाखांवर काही नाही, चार ते आठवर ५ टक्के, आठ ते बारावर १० टक्के, असं चढत जातं. बारा लाखांपर्यंत करात पूर्ण सूट असल्यामुळे तिथे मात्र खरी पायरी आहे, म्हणून कायद्यानंच आधार दिलाय. करपात्र उत्पन्न १२,१०,००० झालं तर साध्या हिशेबानं कर ६१,५०० येतो, पण तो वरच्या १०,००० पेक्षा जास्त घेत नाहीत. त्यावर ४ टक्के उपकर तेवढा वेगळा. त्या फोरमननी वर्षानुवर्षं घरी न्यायचे पैसे सोडले, आणि तेव्हा मी ज्युनिअर म्हणून बोलले नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

बाकीच्या थोडक्यात. ठेवीच्या व्याजातून बँकेनं टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला म्हणजे कर भरून संपला असं नाही. ते व्याज उत्पन्नात धरावंच लागतं, आणि कर कमी बसत असेल तर परतावा मागता येतो. ठेवीचा विमा एका बँकेत एका माणसाला सगळ्या शाखा मिळून, व्याजासकट, पाच लाखांपर्यंतच आहे. चार शाखांत ठेवून वीस लाख सुरक्षित होत नाहीत. आणि यूपीआयचा पिन पैसे घ्यायला कधीच लागत नाही. कुणी "पैसे पाठवतो, पिन टाका" म्हणालं, तर ते पैसे तुमच्या खात्यातून जाणार आहेत.

खणातला कागद

आमचे हे गेले तेव्हा त्यांच्या ठेवी कुठे कुठे आहेत हे शोधायला मला दीड महिना लागला. एका ठेवीवर नॉमिनी म्हणून त्यांच्या धाकट्या भावाचं नाव निघालं, लग्नाआधीचं. भावोजींना वाटलं पैसे आता त्यांचे, मला वाटलं माझे काहीच उरले नाहीत. दोघंही चुकत होतो. नॉमिनी म्हणजे बँकेनं पैसे कुणाच्या हाती सोपवायचे ते नाव. मालकी मृत्युपत्राप्रमाणे, ते नसेल तर वारसा कायद्याप्रमाणे ठरते. भावोजींनी पैसे घेऊन दुसऱ्याच दिवशी माझ्या खात्यात भरले. पण मधले आठ दिवस त्या घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही.

म्हणून टेबलाचं शेवटचं काम हे. एक पान छापा: कुठल्या बँकेत कुठलं खातं, ठेवीची मुदत, विम्याचा क्रमांक, नॉमिनी कोण, कर्ज कुणाचं देणं आहे, बाहेरची डिस्क कुठे ठेवलीय. पासवर्ड आणि पिन त्यावर लिहू नका. जुन्या ठेवींवरचे नॉमिनी एकेक करून तपासा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनीपर्यंत देता येतात, आणि कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. पान खणात ठेवा, आणि खण कुठला ते घरातल्या दोन माणसांना दाखवा.

इथे दिवाळीत व्यापारी चोपडापूजन करतात आणि लाभपाचमीला दुकानं उघडतात. मी त्याच दिवशी माझं पान नव्यानं छापते, तारीख घालून सही करते आणि मागच्या वर्षीचं फाडून टाकते. वहिनींच्या मुलानं त्यांच्या घरचं पान परवा केलं. वडिलांची एक ठेव त्यात अशी निघाली, जिची मुदत सात महिन्यांपूर्वीच संपली होती. सोमवारी दोघं बँकेत जाणार आहेत.